आकडे बदलले, चोवीस तास तेच

पोलिस ठाण्यात तक्रार घेऊन गेलेला माणूस आणि विधी महाविद्यालयाच्या परीक्षेला बसलेला विद्यार्थी, या दोघांनाही १ जुलै २०२४ पासून आकड्यांनी छळले आहे. त्या दिवशी १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. ४८४ कलमांच्या जागी ५३१ कलमे आली. १४४ म्हटले की जमावबंदी, हे पूर्वी शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आता १४४ म्हणजे पोटगी, आणि जमावबंदी गेली १६३ वर. पूर्वी १७३ म्हणजे तपास संपल्यावर सादर व्हायचे ते दोषारोपपत्र. आता १७३ म्हणजे तपासाला सुरुवात करून देणारी पहिली खबर. दोषारोपपत्राने १९३ वर बिऱ्हाड केले आहे. त्यातून गंमत अशी की, १ जुलै २०२४ रोजी जे तपास आणि खटले चालू होते ते जुन्याच संहितेप्रमाणे पुढे चालायचे आहेत. म्हणजे विद्यार्थ्याला दोन्ही आकडे पाठ हवेत, आणि वकिलाला टेबलावर दोन्ही पुस्तके.

साहजिकच बाजारात तुलनात्मक तक्त्यांची चलती आहे. डावीकडे जुने कलम, उजवीकडे नवे. तक्ते उपयोगी आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण विद्यार्थी तक्ता पाठ करतात आणि प्रक्रिया कायदा आला असे समजतात, त्याविषयी मात्र आहे. वास्तविक या कायद्याचा सांगाडा फारसा हललेला नाही. पहिली संहिता १८६१ ची. मग १८७२, १८८२, १८९८, १९७३ आणि आता २०२३. पोलिसाने पकडलेल्या माणसाला किती वेळ ठेवायचे, कोणासमोर उभे करायचे, त्याच्या घरातली वस्तू उचलताना साक्षीला कोण हवे, हे प्रश्न प्रत्येक संहितेने सोडवायचा प्रयत्न केला. आकडे फक्त त्या उत्तरांचे पत्ते आहेत.

विद्यार्थ्यांना दंडविधानाचे आकर्षण असते. खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक रंगवून सांगता येतो. प्रक्रिया मात्र त्यांना रूक्ष वाटते. मी हयातीतली तीसेक वर्षे बँकेत काढली, आणि बँकेतही नव्या मुलांना नियमपुस्तिका अशीच रूक्ष वाटत असे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडेच का, खाडाखोडीवर पूर्ण सहीच का, असे ते विचारत. जुने हेडकॅशिअर म्हणायचे, की यातल्या प्रत्येक नियमाखाली एकेक शाखा बुडालेली आहे. प्रक्रिया संहितेचेही तसेच आहे. फरक एवढाच, की तिच्या नियमांखाली माणसे आहेत.

एकच उदाहरण घेऊ. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करू नये; अपवादात्मक परिस्थितीत करायचीच झाली तर महिला पोलिस अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन करावी. नव्या संहितेत हे ४३ व्या कलमात आहे, जुनीत ४६ व्या कलमात होते, आणि तेही २००५ च्या दुरुस्तीनंतर. विद्यार्थी ते दोन ओळींत लिहितो आणि दोन गुण मिळवतो. पण या दोन ओळींमागे महाराष्ट्राचा मोठा इतिहास आहे. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि १९८३ मध्ये निर्देश दिले: स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला शिपायांचा पहारा, आणि अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत चिकटवणे. पुढे नव्वदीच्या दशकात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सूर्यास्ताची अट घातली. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती थोडी सैल केली आणि मग ती कायद्याच्या मजकुरात शिरली. हे ठाऊक असलेला विद्यार्थी तो आकडा विसरला तरी चालेल. तो नियम विसरणार नाही.

पहिल्या खबरीविषयी फार लिहायला नको. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर ठाणे अंमलदाराला ती नोंदवावीच लागते, असे २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात घटनापीठाने सांगितले आहे. हद्द आमची नाही, ही सबब आता कायद्यानेच काढून घेतली आहे. नव्या संहितेने एक खिडकी मात्र उघडी ठेवली: तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या पूर्वपरवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. ही खिडकी उद्या दरवाजा होईल अशी मला भीती वाटते. ठाण्याने नकार दिला तर अधीक्षकांना लेखी कळवायचे, तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायचे. खबरीची प्रत फुकट मिळते. ती मागावी.

पंचनाम्यापाशी मात्र थांबायला हवे, कारण हा शब्द आपला आहे. मूळ इंग्रजी संहितेत तो नाही. तेथे आहे ती फक्त झडतीत मिळालेल्या वस्तूंची यादी आणि त्या परिसरातल्या दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांच्या त्यावरच्या सह्या. पण आपल्याकडे पंच म्हटले की गावाने मान दिलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि कायद्यालाही नेमके तेच अपेक्षित होते. पोलिसाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा असे १८६१ च्या साहेबालाही वाटत नव्हते, म्हणून दुसरी किल्ली गावाच्या हाती दिली. बँकेत रोकड मोजताना दुसरा अधिकारी नुसता उभा असतो, तसे हे. तो काही करत नाही. त्याचे असणे हेच त्याचे काम.

प्रत्यक्षात काय होते? मी तालुक्याच्या एका शाखेत असताना ठाण्यातून दोन पंच मागायला शिपाई आला, की एरवी चहासाठी गायब असणारे सगळे खातेवहीत डोके खुपसून बसत. त्यांचे चुकत होते असे म्हणवत नाही. सही करायला दहा मिनिटे लागतात. पुढे पाच-सात वर्षांनी समन्स येते आणि उलटतपासणीत वकील विचारतो, सुरीची मूठ पितळी होती की लाकडी? मग ठाण्यांना नेहमीचे पंच लागतात. चहाच्या टपरीवरचा कोणी, पूर्वीच्या चार पंचनाम्यांवर सही असलेला कोणी. न्यायालयात त्याची विश्वासार्हता एका प्रश्नात संपते आणि त्याबरोबर पुष्कळदा खरा पुरावाही संपतो. खटला पडला म्हणून आपण न्यायाधीशांना दोष देतो. दुसरी किल्ली घ्यायला नकार देणारे आपणच होतो, हे विसरतो.

पंचनाम्याचा एक प्रकार तर पुराव्याच्या कायद्याशी थेट जोडलेला आहे. पोलिसाजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत ठाण्यातल्या दिव्याखाली आरोपी घडाघडा बोलतो आणि खटला निकालात निघतो. कायद्यात त्या दृश्याची किंमत जवळजवळ शून्य आहे. साक्षीदाराच्या पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर त्याची सहीसुद्धा घ्यायची नसते, हे ऐकून पहिल्या वर्षाची मुले चकित होतात. तेथे सही म्हणजे पुढे साक्षीदाराच्या गळ्यात बांधलेली दोरी, म्हणून ती नको. अपवाद एकच: कोठडीतल्या आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी नेमका जोडलेला त्याच्या बोलण्याचा भाग वापरता येतो. ‘चला, दाखवतो’ म्हणून निघालेली ती जीप, मागच्या बाकावरचे दोन पंच आणि झुडपाखालून काढलेले हत्यार. हा अपवाद इतका सोयीचा आहे, की कित्येक तपास या एका जीपवर बेतलेले असतात. म्हणूनच नव्या संहितेचे १०५ वे कलम मला स्वागतार्ह वाटते. झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे आणि ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, तेव्हा साधन नव्हते ही सबब चालणार नाही. अर्थात चित्रीकरण आले म्हणून पंच सुटले नाहीत, सह्या हव्यातच.

जाता जाता बँकेच्या मुलांसाठी. खाते गोठवा असे पोलिसांचे पत्र शाखेत येते, त्याचा आधारही जप्तीचे हेच प्रकरण आहे. बँकेतले खाते ही ‘मालमत्ता’ आहे आणि पोलिसांना ते गोठवता येते, असे १९९९ मध्ये महाराष्ट्र सरकार विरुद्ध तापस नियोगी या खटल्यात ठरले. पण त्याच कलमात जप्तीची खबर दंडाधिकाऱ्याला लगेच द्यावी असेही आहे. सायबर फसवणुकीच्या साखळीत चौथ्या-पाचव्या हाताने दोन हजार रुपये येऊन पडलेल्या भाजीवाल्याचे अख्खे खाते बंद होते, तेव्हा त्या दुसऱ्या वाक्याची आठवण कोणी करून देत नाही. शाखाधिकाऱ्याने खातेदाराला निदान पत्राची तारीख, ठाणे आणि गुन्ह्याचा क्रमांक सांगावा. एवढ्याने त्याला कोणाचे दार ठोठवायचे ते तरी कळेल.

आता चोवीस तास. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केलेच पाहिजे. हे संहितेत आहेच, शिवाय घटनेच्या २२ व्या अनुच्छेदात आहे. अटकेची कारणे त्याला सांगायची, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचे, वैद्यकीय तपासणी करायची, अटकेचा पंचनामा करून त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या माणसाची सही घ्यायची. यांतले बरेचसे १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आले. तो खटलाही पश्चिम बंगालमधल्या एका विधी साहाय्य संस्थेच्या प्रमुखाने कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रातूनच उभा राहिला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात आणखी एक पाऊल टाकले: अटकेची कारणे लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि ताबडतोब देणे अशक्यच असेल तर दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या निदान दोन तास आधी द्यायची.

मग तो दंडाधिकाऱ्यासमोर येतो. याला आपण ‘रिमांड’ म्हणतो, आणि माझ्या मते सबंध फौजदारी प्रक्रियेतले हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत घाईत उरकले जाणारे ठिकाण आहे. कायदा पाहिला तर येथे दंडाधिकाऱ्याला केवढे काम दिले आहे! केस डायरीतल्या नोंदी त्याच्यासमोर यायला हव्यात आणि त्याने त्या वाचायला हव्यात. अटक गरजेची होती का हे पाहायचे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नुसती नोटीस का पुरली नाही, हे अर्नेश कुमार खटल्याच्या २०१४ च्या निकालापासून विचारायलाच हवे. पोलिस कोठडी द्यायची असेल तर आरोपी प्रत्यक्ष समोर हवा, पडद्यावर चालत नाही. आणि त्याला वकील आहे का, नसल्यास सरकारी खर्चाने मिळू शकतो हे सांगायचे. बिहारमध्ये भागलपूरला कैद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणात सरकारने सांगितले होते, की त्यांना वकील दिला नाही कारण त्यांनी मागितला नाही. आपला असा काही हक्क आहे हेच ज्याला ठाऊक नाही तो मागणार कसा, असा त्यावर न्यायालयाचा रोख होता. तीस वर्षांनी, २०१२ मध्ये, अजमल कसाबच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला देशातल्या सगळ्या दंडाधिकाऱ्यांना हेच पुन्हा बजावावे लागले. त्यात कसूर झाली तर खातेनिहाय कारवाई होईल, असेही सांगावे लागले. कसाबच्या खटल्यातून सामान्य चोराच्या वकिलाची सोय पक्की झाली, हे पुष्कळांना रुचणार नाही. प्रक्रिया कायदा असाच चालतो. तो सगळ्यांत नावडत्या माणसावर तपासला जातो.

प्रत्यक्षात दुपारच्या गर्दीत तालुक्याच्या न्यायालयात काय दिसते? चेहऱ्यावर रुमाल बांधलेला तरुण, त्याच्या दंडाला धरून उभा असलेला हवालदार. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असे विचारले जाते. हा प्रश्न फार मोलाचा आहे. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याचाच हात त्याच्या दंडावर असतो, आणि परत जायचे ते त्याच्याच गाडीतून. तो ‘नाही’ म्हणतो. कागदावर ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते आणि ती नोंद पुढे कित्येक वर्षे त्याच्याविरुद्ध बोलत राहते. हवालदाराला चार पावले मागे उभे करून हाच प्रश्न पुन्हा विचारायला कोणत्याही नव्या कलमाची गरज नाही. काही दंडाधिकारी तसे करतात, हेही नमूद केले पाहिजे.

नव्या संहितेवर माझा खरा आक्षेप आहे तो याच ठिकाणी. जुन्या संहितेत पोलिस कोठडी जास्तीत जास्त पंधरा दिवसांची, आणि तीही पहिल्या पंधरा दिवसांतच. १९९२ च्या अनुपम कुलकर्णी निकालाने ते स्पष्ट केले होते. त्यानंतर माणूस न्यायालयीन कोठडीत गेला की तो पोलिसांच्या हातून सुटला. आता पंधरा दिवस तेच राहिले, पण ते तुकड्यातुकड्यांनी, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत केव्हाही मागता येतात. तपासासाठी हे सोयीचे आहे, मान्य. एखादा सहआरोपी पस्तिसाव्या दिवशी सापडला, तर पहिल्याला पुन्हा समोर बसवावे लागते. पण तुरुंगात बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहा. पंधराव्या दिवशी जी भीती संपायची ती आता दोन महिने दारात उभी राहते. पुढे पोलिस कोठडी लागेल एवढ्याच कारणाने जामीन नाकारू नये, असे ४८० व्या कलमात लिहिले आहे. कायदा करणाऱ्यांनाही धोका दिसला होता, असा त्याचा अर्थ. ते वाक्य जामीनअर्जात किती वकील ठळकपणे मांडतात, यावर त्याचा जीव अवलंबून आहे.

साठ आणि नव्वद दिवसांचा हिशेब मात्र विद्यार्थ्यांनी बँकेतल्या मुलासारखा शिकावा. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे असतील तर नव्वद, बाकीच्यांत साठ. तेवढ्या दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो. गुन्हा किती गंभीर हा प्रश्न तेथे उरत नाही. दिवस अटकेपासून नव्हे, तर दंडाधिकाऱ्याने पहिली कोठडी दिली त्या दिवसापासून मोजायचे. तो पहिला दिवस धरायचा की सोडायचा? ठेवीवरच्या व्याजाच्या दिवसांवरून आम्ही काउंटरवर वाद ऐकले. येथे तोच वाद सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींपुढे गेला आणि मार्च २०२३ मध्ये निकाल लागला, की पहिला दिवस धरायचा. एका दिवसाने माणूस आत राहतो किंवा बाहेर येतो. आणि हा हक्क आपोआप हातात पडत नाही, दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करून मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज तयार ठेवणारा वकील आणि दुपारी धावत येणारा वकील, यांच्या अशिलांचे नशीब वेगवेगळे असते.

जामीन मंजूर झाला तरी गोष्ट संपत नाही. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर त्या निकालात संतापलेले दिसतात. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असे धरून जातमुचलक्यावर सोडावे, ही तरतूद आता संहितेतच आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला असेल, तर जन्मठेप-मृत्युदंडाचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले वगळता, त्याला सोडावे असे नवे ४७९ वे कलम सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जुन्या प्रकरणांनाही लागू केले. तरीही २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते. ऐपतीचा दाखला, सातबारा, रेशनकार्ड यांच्या खेपा घालणारी त्यांची माणसे कोणत्याही न्यायालयाच्या आवारात, झेरॉक्सच्या दुकानापाशी दिसतात.

यापुढचा खटल्याचा भाग, म्हणजे आरोपनिश्चिती, सरतपास, उलटतपास, आरोपीचा जबाब, युक्तिवाद, निकाल, विद्यार्थी मन लावून शिकतात, कारण त्यात नाट्य आहे. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला न्यायालयात बसून पाहायचा, त्याची नोंदवही ठेवायची, असे तीस गुणांचे कामही आहे. बऱ्याच ठिकाणी ती वही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरते. माझी सूचना एवढीच, की प्राचार्यांनी यंदापासून त्या वहीत रिमांडच्या दहा दुपारी सक्तीच्या कराव्यात. न्यायालय सर्वांना खुले असते, बाकावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही. नोंदवायचे ते साधे: अटकेची वेळ काय सांगितली, हजर केल्याची वेळ घड्याळात किती, कारणांचा कागद आरोपीच्या हातात होता का आणि कोणत्या भाषेत, वकील होता का, डायरी उघडली गेली का, हवालदार किती अंतरावर उभा होता, आणि या सगळ्याला मिनिटे किती लागली. ती वही उतरवून काढणे कोणालाही जमणार नाही, कारण दहाही दुपारी वेगवेगळी माणसे समोर असतील.